पंचनामा होईपर्यंत

निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 च्या दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर चढलं आणि काही तासांत पुढे सरकलं. ताशी शंभर किलोमीटरच्या वरचा तो वारा घरांवरून गेला, पण आमच्या आळीतल्या काही घरांचं मोठं नुकसान झालं ते नंतरच्या आठवड्यात.

मृग तोंडावर आलेला, टाळेबंदीमुळे मुंबईची मुलं तिकडे अडकलेली, वाडीतल्या पोफळी आणि माड आडवे. अशा वेळी माणूस आधी घर झाकायला धावतो, आणि ते बरोबरच आहे. पण झाकण्याआधी अर्धा तास काढा. चारी बाजूंनी फोटो घ्या, मोडलेले वासे, भिजलेलं सामान, भिंतीच्या भेगा सगळं टिपा. शेजारच्या एका काकांनी दोन दिवसांत पडवी साफ केली, फुटकी कौलं गाडीत भरून टाकून दिली. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा अंगण लख्ख होतं. नुकसान दाखवायला काकांकडे काहीच उरलं नव्हतं. मोडतोड टाकू नका, पंचनामा होईपर्यंत कुंपणाशी रचून ठेवा.

पंचनाम्यावर सही करण्याआधी तो वाचा. लाजू नका, घाईही करू नका. त्या वर्षी पूर्ण पडलेल्या घराची मदत सरकारने 95,100 रुपयांवरून 1,50,000 वर नेली होती. अंशतः पडझडीला मात्र त्याहून फारच कमी मिळत होतं. म्हणून कागदावर ‘पूर्णतः’ लिहिलंय की ‘अंशतः’, तडकलेली भिंत नोंदली आहे की नुसतं छप्पर, हे डोळ्यांनी पाहा आणि कागदाचा फोटो काढून ठेवा. वाडीचं नुकसान घरापासून वेगळं नोंदवून घ्या.

आमच्याकडे आणखी एक अडचण घरोघरी निघते. घरपट्टी आजोबांच्या नावावर, राहतो धाकटा, बाकीचे हिस्सेदार ठाण्याला नाहीतर बोरिवलीला. मदत कोणाच्या खात्यात जमा करायची यावर अर्ज अडून राहतो. घरपट्टीचा उतारा, आधार आणि बँकेचं पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत एकत्र ठेवा, आणि वारसनोंदीचं काम यंदाच्या आगोटीच्या आत उरकून टाका. वादळानंतर भावंडांच्या संमतीसाठी फोन लावायला गेलात, तर टॉवरही पडलेले असतात.

विजेबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. तारा तुटल्या, खांब झोपले, कित्येक दिवस अंधार होता. पाण्याची टाकी भरायला लोकांनी जनरेटर आणले. मेन स्विच बंद न करता जनरेटर घराच्या वायरिंगला जोडला, तर वीज उलटी लाइनीत जाते आणि खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव जाऊ शकतो. दुसऱ्या गावाहून आपल्यासाठीच आलेली ती माणसं असतात. ओल्या भिंतीतलं वायरिंग तपासून घेतल्याशिवाय मेन चालू करू नका.

छपरावर रेललेला माड बुंध्यातून कापू नका. त्याचा भार कुठे टेकलाय ते खालून कळत नाही, आणि तुटताना तो उरलेले वासेही घेऊन जातो. सरावाच्या माणसाकडून शेंड्याकडून तुकडे करवून, दोर लावून उतरवा.

विमा फार कमी घरांना असतो. 1 एप्रिल 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची ठरावीक पॉलिसी सगळ्या साधारण विमा कंपन्यांकडे मिळते, तिच्यात वादळ धरलेलं आहे. असेल तर कंपनीला लगेच कळवा आणि त्यांचा सर्वेक्षक येईपर्यंत पक्की दुरुस्ती थांबवा. तात्पुरतं झाकायला कोणाची हरकत नसते, फक्त ताडपत्रीच्या पावत्या जपा.

आणि ताडपत्रीचा दोर शाबूत वाशाला किंवा खांबाला बांधा, भिंतीतल्या चिऱ्याला नको. मातीत बांधलेली जांभ्याची भिंत पाणी पिते आणि पाऊस उघडल्यावर, ऊन पडल्यावर सुटते. भेग दिसली की तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करा, बाजूला तारीख लिहा. खुणेच्या पुढे भेग सरकली, तर त्या खोलीतली अंथरुणं त्याच दिवशी हलवा.