पृथ्वीगोल नको, गच्ची चालेल

पालकहो, आधी माझीच एक चूक सांगते. गेल्या वर्षी जपानमधल्या शाळेला पाठवायची चित्रं पूर्ण करायला मी मुलांबरोबर घरी दिली. शुक्रवारी सहावीतला एक मुलगा वर्गातून आपल्या सोसायटीची गच्ची घेऊन गेला होता. पाण्याची काळी टाकी, प्लास्टिकच्या कागदावर वाळत घातलेल्या कुरडया, कावळ्यांना भिववायला बांधलेली मोडकी छत्री आणि राखणीला बसलेली आजी. आजीचे पाय जरा जास्तच मोठे झाले होते, पण बसली होती ती अगदी अस्सल, एक गुडघा वर करून.

सोमवारी कागदावर आजी नव्हती. पृथ्वीचा गोळा होता, भोवती हातात हात घालून उभी असलेली मुलं, वर पांढरं कबुतर आणि खाली इंग्रजीतला शांततेचा संदेश. पट्टीने आखलेली अक्षरं, रेष मोठ्या माणसाची. विचारलं तर म्हणाला, "बाहेरच्या देशात जायचंय ना, म्हणून बाबांनी चांगलं काढून दिलं."

त्या बाबांना मी दोष देत नाही. अर्ध्याअधिक घरांतून असेच गोळे आले. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण सोफ्यावरची नवी चादर काढतो, त्यातलाच हा प्रकार. गंमत अशी की तिकडून आलेल्या गठ्ठ्यात एकही पृथ्वीगोल नव्हता. भिंतीवर बसलेलं मांजर होतं, पावसात भिजणारा बसथांबा होता, चष्मा हरवलेले आजोबा होते. आपली मुलं त्या आजोबांपाशी किती वेळ रेंगाळली! आणि आपण त्यांना काय पाठवलं होतं? जे त्यांच्याकडेही पोस्टरवर छापून मिळतं.

यंदा चित्रं पुन्हा जायची आहेत. म्हणून एक जुनी हकीकत तुमच्या कानावर घालावीशी वाटते. मुलांना ती मी अर्धीच सांगितली आहे, उरलेली तुम्ही सांगावी.

हिरोशिमात होन्कावा नावाची प्राथमिक शाळा आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी बॉम्ब जिथे फुटला, त्याच्या बरोबर खालच्या जागेपासून ती सुमारे ४०० मीटरवर होती. काँक्रीटची इमारत, त्यामुळे सांगाडा उभा राहिला. आतली सुमारे ४०० मुलं आणि शिक्षक गेले. वाचले दोघे, एक विद्यार्थिनी आणि एक शिक्षिका. पुढच्याच वर्षी त्या सांगाड्यात पुन्हा शाळा भरू लागली. मुलांना कागद नव्हता, पेन्सिल नव्हती.

तिकडे वॉशिंग्टनमध्ये नोव्हेंबर १९४६ मध्ये वर्तमानपत्रात एक छायाचित्र आलं. पॅसिफिकमधल्या अणुचाचण्यांचं काम संपल्याच्या समारंभात नौदलाचे अधिकारी केक कापत होते, आणि केकचा आकार होता अणुस्फोटाच्या ढगाचा. ऑल सोल्स चर्चचे धर्मोपदेशक पॉवेल डेव्हिस यांना ते पाहून संताप आला. पुढच्याच रविवारी त्यांनी आपल्या प्रवचनात या प्रकाराची कडक शब्दांत निर्भर्त्सना केली. युद्ध नुकतंच जिंकलेल्या देशाच्या राजधानीत, आपल्याच माणसांसमोर. आपल्या देशावर प्रेम असलेल्या माणसाला देशाच्या वागण्याची लाजही वाटू शकते, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात कुठे सापडायचं?

प्रवचनाची बातमी जपानमध्ये शिक्षणाचं काम पाहणाऱ्या एका अमेरिकन अधिकाऱ्यापर्यंत पोचली. त्याने कळवलं की इथल्या मुलांकडे लिहायलासुद्धा काही नाही. मग त्या चर्चच्या मुलांनी आणि मोठ्यांनी पेन्सिली, खडू, कागद, खोडरबर असं जवळजवळ अर्धा टन सामान गोळा करून हिरोशिमाला धाडलं. १९४८ मध्ये उत्तर आलं. होन्कावाच्या मुलांनी त्याच खडूंनी चित्रं काढून पाठवली होती.

काय असेल त्या चित्रांत? मी वर्गात हा प्रश्न टाकला तेव्हा मुलं म्हणाली, आग, धूर, पडलेली घरं. तसं नव्हतं. फुललेली चेरीची झाडं होती, खेळणारी मुलं होती आणि रंग असे भडक, की रंग हाती लागल्याचा आनंदच कागदावर सांडला असावा. मला वाटतं, होन्कावाच्या मुलांना खडू पाठवणाऱ्यांना घाबरवायचं नव्हतं, आपण कोण आहोत ते सांगायचं होतं. बॉम्ब पडलेलं गाव ही ओळख जगाने दिलेली. चेरीखाली खेळणारी मुलं ही त्यांची स्वतःची. अमेरिकेत काही काळ ती चित्रं फिरली, मग त्या चर्चच्या खोक्यांत वर्षानुवर्षं पडून राहिली. पुढे ती दुरुस्त केली गेली आणि २०१० मध्ये हिरोशिमात मांडली गेली. काढणारी मुलं तोवर सत्तरीची झाली होती. आपलं सातव्या-आठव्या वर्षीचं चित्र सत्तरीत समोर आलं तर काय होत असेल, याची कल्पना करून पाहा. आणि ते आपण काढलेलंच नसेल, बाबांनी काढून दिलेलं असेल तर?

खडूंचा विषय निघालाच आहे, तर घरातली रंगपेटी एकदा मुलांसोबत उघडा. उंटाचं चित्र असलेली ती पेटी दांडेकरांच्या कंपनीची, १९३१ साली मुंबईत सुरू झालेल्या. २०११ पासून त्या कंपनीच्या मागे कोकुयो ही जपानी कंपनी उभी आहे. पोस्टर कलरच्या संचात 'प्रशियन ब्लू' असेल. तो अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये सापडला, तोही लाल रंग करायला जाऊन चुकून. शंभरेक वर्षांनी तो जहाजांतून जपानला मुबलक पोचू लागला आणि चित्रकार होकुसाईने १८३१ च्या सुमारास आपल्या त्या प्रसिद्ध लाटेच्या छापचित्रात वापरला. कॅलेंडरांवर, मगांवर दिसणारी ती लाट, जिला आपण जपानी समुद्र म्हणतो, तिचा निळा रंग जर्मन! अशी छापचित्रं पुढे पॅरिसला गेली. व्हॅन गॉगने १८८७ मध्ये हिरोशिगे या दुसऱ्या जपानी चित्रकाराचं पावसातल्या पुलाचं चित्र तैलरंगात उतरवलं आणि कडेच्या चौकटीत जपानी अक्षरंही काढली. त्याला ती वाचता येत नव्हती. आपली मुलं तिकडच्या चित्रांवरची अक्षरं गिरवतात तेव्हा मला तोच आठवतो.

पण ही गोष्ट फक्त गोड करून सांगू नका. दुसऱ्या निळ्याला, आपल्या निळीला, वेगळा इतिहास आहे. चंपारणच्या शेतकऱ्याला वीस कठ्ठे जमिनीपैकी तीन कठ्ठ्यांत मळेवाल्यांसाठी नीळ लावावीच लागे. १८९७ पासून जर्मनीत कारखान्यात केलेली नीळ बाजारात आली, भाव कोसळले, आणि मळेवाल्यांनी जमिनीचा खंड वाढवून आपला तोटा शेतकऱ्याच्याच माथी मारला. १९१७ मध्ये गांधीजी तिथे गेले ते यासाठी. जर्मनीतल्या एका कारखान्याने बिहारमधल्या एका झोपडीत काय केलं, हे समजायला अकरा वर्षांचं वय लहान नाही. जग जोडलेलं आहे म्हणजे सगळे हातात हात घालून उभे आहेत, असं नव्हे. कधी कधी एकाचा पाय दुसऱ्याच्या हातावर असतो, आणि त्याला ते ठाऊकही नसतं. पृथ्वीगोलाच्या चित्रात हे कुठेच दिसत नाही, म्हणून माझा त्यावर राग.

काही आया म्हणाल्या, "मग वारली काढू दे का, परदेशात आवडतं." आवडतं हे खरं. पद्मश्री जिव्या सोमा मशे यांची चित्रं जगभर गेली. जपानमध्ये निगाता भागात एका बंद पडलेल्या शाळेत मिथिला संग्रहालय आहे, तिथे जाऊन वारली कलावंतांनी चित्रं काढली आहेत. पण वारली घरात लग्नाचा चौक लिहितात तो पालघट देवीसाठी, त्याला विधी आहे, गाणी आहेत. आपण पुण्यात फ्लॅटमध्ये राहणारी माणसं. दोन त्रिकोण जोडून 'हे आमचं' म्हणून पाठवलं, तर समोरच्या मुलाला खोटंच सांगितल्यासारखं होईल. वारली शिकायचं असेल तर ते स्वतंत्रपणे, नीट शिकू.

तेव्हा यंदा चित्रं शाळेतच पूर्ण होतील. घरी फक्त बोलणं न्या. आपल्या घरात, गल्लीत असं काय आहे जे तिकडच्या मुलाने कधी पाहिलं नसेल, हे विचारा आणि उत्तर काहीही आलं तरी चालू द्या. गेल्या आठवड्यात एकीने कुकरची शिट्टी कशी काढायची म्हणून तास खाल्ला. आजीचे पाय मोठे झाले तर होऊ द्या. आणि हो, याचे मार्क नाहीत. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेतल्या ग्रेडचा दहावीला उपयोग होतो, तसा याचा होणार नाही. प्रमाणपत्र नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. चित्रामागे मुलाचं नाव आणि वय एवढंच लिहायचं, आडनाव, पत्ता, फोन काही नको.

मागची उरलेली जागा मुलांनी मागून घेतली आहे. तिथे प्रत्येकाने एक प्रश्न लिहायचा, जपानी भाषांतर मी एका परिचितांकडून करून घेणार आहे. गच्चीवाल्या मुलाने या वेळी आजी पुन्हा काढायला घेतली आहे, छत्रीसकट. त्याचा प्रश्न आहे, "तुमच्याकडे कावळे कशाला भितात?" एका मुलीने लिहिलंय, "मधल्या सुट्टीत तुम्ही डबा वाटून खाता का?" तिकडे शाळेतच सगळ्यांना एकसारखं जेवण असतं आणि मुलं स्वतः पांढरे एप्रन घालून एकमेकांना वाढतात, वर्गही स्वतः झाडतात, हे मला माहीत आहे. मी तिला सांगितलेलं नाही. तुम्हीही फोनवर शोधून दाखवू नका. पोस्टाने येऊ दे. फार तर दोन महिने लागतील.