दिंद्रुडचा पाऊस समुद्राच्या तळाशी

बारावीचा निकाल लागला की दिंद्रुडसारख्या गावात दोनच प्रश्न कानावर येतात: नीटला किती, नाहीतर सीईटीला किती? अशात पोरगी ‘मला भूशास्त्र घ्यायचंय’ म्हणाली की बाप गप्पच होतो. दगडं शिकून पोट भरतं का?

आधी एक ऐका. दिंद्रुडच्या शिवारात पडलेलं पाणी, उसानं पिऊन उरलेलं, ओढ्यानाल्यांनी गोदावरीला मिळतं आणि बंगालच्या उपसागरात जातं. तिथं फोरामिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव चुन्याचं कवच बांधतात. मेले की कवचं तळाच्या गाळात, थरावर थर. नदीच्या पाण्यात हलका ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजन-१६, जास्त असतो. पाऊस जोराचा झाला, नदी फुगून समुद्राला मिळाली, की त्याची खूण कवचात उतरते. पाण्याच्या तापमानाचाही परिणाम होतो, म्हणून मॅग्नेशियम-कॅल्शियमचं प्रमाण वेगळं मोजून तो वजा करतात.

गोदावरीच्या मुखासमोर २००६ साली काढलेल्या अशाच गाळावर अमेरिकेतल्या वूड्स होल संस्थेच्या संशोधकांचा निबंध २०१२ मध्ये आला. कवचांबरोबर त्यांनी गोदाखोऱ्यातल्या पानांवरचं मेणही तपासलं. सुमारे ४००० वर्षांपूर्वीपासून हा मुलूख कोरडा होत गेला आणि १७०० वर्षांपूर्वी कोरडेपणा आणखी वाढला, असं त्यातून दिसलं. आपल्याकडं दुष्काळाची गोष्ट १९७२ पासून सुरू होते. इथं ती कितीतरी मागं जाते.

भूशास्त्रातलं हे काम मात्र चिकाटीचं. गाळ चाळायचा, काळ्या तबकात पसरायचा, सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकानं रव्याहून बारीक कवचं एकेक उचलायची. दिवसभर! पुढचं मोजमाप मास स्पेक्ट्रोमीटर करतो.

वाट लांब आहे, तेही सांगतो. बीएस्सी, एमएस्सी, नेट, मग पीएचडीची पाच-सहा वर्षं. जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. गोव्यात दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि वास्कोचं ध्रुवीय संशोधन केंद्र, दोन्हीकडं असं काम चालतं. जागा थोड्या, हे खरं. पण एमएस्सी भूशास्त्र वाया जात नाही. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आहे, यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा आहे. एमएस्सीसाठी नांदेडचं विद्यापीठ फार लांब नाही.

तेवढं अकरावीत रसायनशास्त्र मनापासून करा, आणि गणित सोडायची घाई करू नका.