गवतातील पक्षी आणि चित्रातील गवत

गेल्या पावसाळ्यात आमच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने बरखेड्याच्या मोकळ्या गवताळ जागेत वटवट्याचे छायाचित्र घेतले. पक्ष्याच्या पोटावरून गवताची एक काडी आडवी गेली होती. घरी संगणकावर त्याने ती पुसून टाकली व मोठ्या हौसेने चित्र आम्हांस दाखविले. चित्र देखणे झाले होते; पण काडीबरोबर तिला धरणारा पायही नाहीसा झाला होता. वर्ग हसला. आम्हांस मात्र हसू आले नाही. कारण याहून मोठी चूक आम्ही स्वतः केलेली आहे.

काही वर्षांपूर्वी वटवट्याच्या घरट्याचे स्वच्छ चित्र मिळावे म्हणून आम्ही पुढचे गवत बाजूस सारून बांधून ठेवले. चित्र उत्तम आले. दुसऱ्या दिवशी घरटे रिकामे होते. पिले कावळ्याने नेली की मांजराने, हे समजले नाही. वाट मात्र आम्हीच करून दिली होती. हा पक्षी गवताच्या धाग्यांचे थैलीसारखे घरटे उभ्या काड्यांतच विणतो. आम्ही जिला अडचण समजलो, ती त्याच्या घराची भिंत होती.

गवत व पक्षी यांचे नाते किती घट्ट असते, हे तणमोराच्या नावातच आहे. आपल्या मध्य प्रदेशात त्याला खरमोर म्हणतात. त्याच्यासाठी रतलाम जिल्ह्यात सैलाना येथे १९८३ साली अभयारण्य झाले. विदर्भात अकोला-वाशीम भागातही तो आढळला आहे. पावसाळ्यात उंच गवतातून माद्यांस आपण दिसावे म्हणून नर सुमारे दीड-दोन मीटर उंच उडी घेतो, आणि ती दिवसातून शेकडो वेळा! चित्रातून गवत पुसले, तर ही उडी कशासाठी हेच कळणार नाही. माळराने घटत गेल्यामुळे २०२१ साली या पक्ष्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' वर्गात झाली आहे.

मग स्वच्छ चित्र घ्यावयाचे कसे? पहिला उपाय संगणकात नसून आपल्या पायांत आहे. एक पाऊल डावीकडे वा उजवीकडे सरकले की डोळ्यांवर आलेली काडी पुष्कळदा बाजूला होते. कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आणावा. म्हणजे मागची जमीन दूर जाऊन मऊ हिरवी दिसते. अॅपर्चर मोठे ठेवावे. स्वयंचलित फोकस जवळच्या काडीवर अडकतो, म्हणून एकच बिंदू निवडून तो पक्ष्याच्या डोळ्यावर ठेवावा. यावरही काडी आड आली, तर थांबावे. वारा आहे, पक्षीही हलणार आहे. घाई फक्त आपल्याला असते. गवत तोडू नये, वाकवू नये. घरट्याजवळ तर थांबूही नये.

संगणकावर चित्र कापून आटोपशीर करावे, उजेड-अंधार जुळवावा, फार चकाकणारी काडी थोडी मंद करावी. यात खोटेपणा नाही. परंतु काडी मुळातूनच पुसणे निराळे. अमेरिकेची फोटोग्राफिक सोसायटी, ब्रिटनची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी व आंतरराष्ट्रीय 'फियाप' संघटना यांनी निसर्गचित्राची जी व्याख्या मान्य केली आहे, तीत कापण्याखेरीज अन्य उपायाने चित्रातील वस्तू काढणे वा घालणे वर्ज्य आहे. घरच्या भिंतीसाठी कोणी काडी पुसली, तर आमची तक्रार नाही. मात्र तसे स्पष्ट सांगावे. निसर्गचित्र ही एक नोंदच असते. पक्षी कोठे बसला, काय धरून बसला, हे पुढे अभ्यासकास त्यावरूनच कळते.

हल्ली मुलांच्या हाती कॅमेरा सहज येतो आणि काडी पुसण्यास एक बोट पुरते. म्हणून ट्रस्टच्या कुटुंबांतील पालकांस आमची एवढीच विनंती आहे की, चित्र किती सुंदर आले हे विचारण्यापूर्वी, ते घेताना पक्ष्यास त्रास तर झाला नाही ना, हे मुलांस विचारावे.

त्या विद्यार्थ्याचे मूळ चित्र आम्ही काडीसकट वर्गात लावले आहे. त्याखाली पक्ष्याचे नाव, जागा व तारीख त्याने स्वतःच्या हाताने लिहिली आहे.