चष्म्याचें मळसूत्र

चष्म्याची काडी निखळली कीं आजोबांचें वाचन थांबतें. कारण तिळाएवढें एक मळसूत्र, म्हणजेच स्क्रू, हरवलेलें असतें.

त्याच्या जागीं हाताला लागेल तें मळसूत्र चालत नाहीं. जाडी व आट्यांमधील अंतर, दोन्हीं जुळावीं लागतात. प्रमाण मेट्रिक मळसूत्र १.४ मिलिमीटर जाडीचें असेल तर हें अंतर ०.३ मिलिमीटर असतें, १.२ जाडीस ०.२५.

पूर्वीं कारखान्यागणिक आटे निराळे असत. इंग्लंडांत जोसेफ व्हिटवर्थ यांनीं १८४१ सालीं आट्यांचें एक प्रमाण सुचविलें. बारीक मळसूत्रांसाठीं ब्रिटिश असोसिएशननें १८८४ सालीं दुसरें. म्हणून जुन्या चष्म्यांत आजचें मळसूत्र बसेलच असें नाहीं.

भायखळ्यांतील चष्मेवाल्याकडे जातांना चौकट व काडी दोन्हीं न्यावीं. तेथें न जमल्यास जवळच्या चोरबाजारांत, जुन्या वस्तूंमध्यें, त्याच घडणीचा मोडका चष्मा शोधावा. मळसूत्र प्रथम हलकेच उलटें फिरवावें. आट्यांत आटा बसल्याचें जाणवलें म्हणजे सुलटें. अडल्यास जोर करूं नये; बिजागरीचे आटे झिजले तर योग्य मळसूत्रही टिकत नाहीं. तोंवर काडी दोऱ्यानें बांधावी. डोळ्याजवळ टांचणी मात्र कधींही खोवूं नये.