घटक ६ : इंग्रजीतील विनंती आणि देऊ करणे – साहाय्यक क्रियापदांचे कार्य

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला –
• मराठी व इंग्रजी या भाषा सौजन्य कोणत्या व्याकरणिक साधनांनी व्यक्त करतात, हे सांगता येईल.
• विनंती करताना ‘कॅन’, ‘कुड’, ‘विल’, ‘वुड’ यांतून योग्य क्रियापद निवडता येईल.
• मदत अथवा वस्तू देऊ करताना ‘शॅल आय’ आणि ‘वुड यू लाइक’ या रचना वापरता येतील.
• अशा प्रश्नांना इंग्रजीत होकार वा नकार देता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, छत्रपती संभाजीनगरपासून वेरूळ सुमारे ३० किलोमीटर, तर अजिंठा सुमारे १०० किलोमीटर अंतरावर आहे. ही दोन्ही लेणी १९८३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. त्यामुळे या शहरातील वाटाडे, रिक्षाचालक, पैठणी व हिमरूचे विक्रेते आणि उपाहारगृहांतील कर्मचारी यांना परदेशी पाहुण्यांशी इंग्रजीत बोलावे लागते. वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्रा येथील कारखान्यांत काम करणाऱ्यांना इंग्रजीत ई-मेल लिहावे लागतात. तुमच्यापैकी काही जण अशीच कामे सांभाळून शिक्षण घेत असतील.

समजा, वाटाड्या पाहुण्याला म्हणतो, ‘शो युवर टिकेट.’ त्याच्या मनातील मराठी वाक्य आहे, ‘तिकीट दाखवा.’ हे वाक्य मराठीत सभ्य आहे. इंग्रजी वाक्य मात्र पाहुण्याला हुकमासारखे वाटते. बोलणाऱ्याच्या मनात उर्मटपणा नव्हता. तो भाषांतरात निर्माण झाला. मूळ वाक्यातील सौजन्य वाटेत कोठे हरवले, हा या घटकाचा मुख्य प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना आपल्या मातृभाषेच्या व्याकरणाकडेही नव्याने पाहता येते. म्हणून मराठीच्या विद्यार्थ्यालाही हा विषय उपयोगी आहे.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ सौजन्य वाक्यात कोठे असते?

पुढील तीन वाक्ये पाहा : ‘तू दाखव.’ ‘तुम्ही दाखवा.’ ‘आपण दाखवावे.’ क्रिया एकच आहे. बदलले आहे ते सर्वनाम आणि क्रियापदाचे रूप. पहिली दोन रूपे आज्ञार्थी असून दुसऱ्यातील अनेकवचन आदरार्थी आहे. तिसरे रूप विध्यर्थी, म्हणजे वाख्यात आहे. ‘तिकीट दाखवा’ या वाक्यात सर्वनाम उच्चारलेले नसले, तरी ‘दाखवा’ या रूपातच आदर सामावलेला आहे.

इंग्रजीत पूर्वी ‘दाऊ’ आणि ‘यू’ अशी दोन सर्वनामे होती. ‘यू’ हे अनेकवचनी रूप आदरार्थीही वापरले जाई. पुढे, साधारणपणे सतराव्या शतकात, ‘दाऊ’ प्रमाण बोलीच्या नित्य व्यवहारातून मागे पडले. आता लहान मुलाला, मित्राला आणि वरिष्ठाला एकच ‘यू’ लागतो. त्यांच्या आज्ञार्थी क्रियापदालाही ‘दाखव–दाखवा’ असा भेद नाही. म्हणजे मराठी माणूस ज्या दोन ठिकाणी आदर ठेवतो, त्या दोन्ही जागा इंग्रजीत उपलब्ध नाहीत. ते काम तेथे मुख्यतः साहाय्यक क्रियापदे करतात. शालेय व्याकरणात त्यांना ‘मॉडल ऑक्झिलरीज’ म्हणतात.

येथे एक शंका येईल : वाक्याला ‘प्लीज’ जोडले की पुरे नाही का? ‘कृपया रांगेत उभे राहा’ ही सूचना ‘कृपया’मुळे मृदू होते, पण ती सूचनाच राहते. ‘प्लीज’चेही तसेच आहे. ‘कुड यू…?’ असा प्रश्न विचारला म्हणजे ऐकणाऱ्याला निदान रूपापुरता तरी नकाराचा अवकाश मिळतो. आज्ञा आणि विनंती यांतील मर्माचा फरक हाच आहे.

६.२.२ विनंती करणे

मराठीतही प्रश्नरूप विनंती आहे. ‘दार उघडाल का?’ यातील ईलाख्याताचे रूप ‘विल यू’ किंवा ‘वुड यू’ या रचनांना जवळचे आहे. ‘दार उघडू शकाल का?’ हे ‘कॅन यू’ किंवा ‘कुड यू’ यांना जवळचे आहे. परिचितांमध्ये ‘कॅन यू ओपन द डोअर?’ हे पुरेसे होते. अपरिचित व्यक्तीला, वरिष्ठाला अथवा ग्राहकाला ‘कुड यू ओपन द डोअर, प्लीज?’ म्हणणे इष्ट. ‘विल यू’ मात्र जपून वापरावे. स्वर चढला, तर त्यात अधीरता जाणवते.

मराठीभाषक विद्यार्थ्यांच्या लेखनात व बोलण्यात पुढील तीन चुका आढळतात.

(अ) शब्दक्रम : मराठीत ‘का’ वाक्याच्या शेवटी येतो, बाकीचा क्रम तसाच राहतो. त्या सवयीने ‘यू कुड हेल्प मी?’ अशी रचना होते. इंग्रजीत साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी येते : ‘कुड यू हेल्प मी?’
(आ) क्रियापदाचे रूप : साहाय्यकानंतर मूळ क्रियापद येते. ‘कुड यू टू हेल्प मी?’ ही रचना अशुद्ध आहे.
(इ) ‘मे’चा वापर : ‘मे आय कम इन?’ अशी परवानगी स्वतःसाठी मागता येते. दुसऱ्याने काही करावे म्हणून ‘मे यू हेल्प मी?’ असे म्हणता येत नाही.

६.२.३ ‘कुड’ भूतकाळी आहे का?

‘कुड’ हे ‘कॅन’चे आणि ‘वुड’ हे ‘विल’चे भूतकाळी रूप, असे आपण शिकलेलो असतो. मग आत्ताच्या कामासाठी भूतकाळ कशाला? उत्तर मराठीतच आहे. कार्यालयात आलेला मनुष्य म्हणतो, ‘साहेब, जरा काम होते.’ काम संपलेले नसते. ते आत्ताच आहे. ‘मला एक विचारायचे होते’ असे म्हणून आपण पुढच्याच क्षणी विचारतो. अशा वाक्यांत भूतकाळ काळ दाखवत नाही, तर अंतर दाखवतो. मागणी एक पाऊल मागे उभी राहून केली जाते. ‘कॅन’ऐवजी ‘कुड’ वापरताना इंग्रजीभाषक हेच करतो.

मात्र प्रत्येक प्रसंग अंतर राखण्याचा नसतो. अजिंठ्याच्या चित्रांकित लेण्यांत कॅमेऱ्याचा फ्लॅश वापरण्यास मनाई आहे. तेथे वाटाड्याने ‘कुड यू टर्न ऑफ द फ्लॅश, प्लीज?’ असे म्हणावे आणि कारण सांगावे : ‘इट कॅन हार्म द पेंटिंग्ज.’ नियम ठाम राहतो, पाहुण्याचा मानही राहतो. पण पायरीवरून कोणाचा पाय घसरत असेल, तर ‘वॉच आउट!’ ही आज्ञाच योग्य. धोक्याच्या क्षणी सौजन्याची लांब रचना वेळ दवडते.

६.२.४ देऊ करणे

विनंतीत श्रम ऐकणाऱ्याचे आणि लाभ बोलणाऱ्याचा असतो. देऊ करताना हे उलटते. म्हणूनच ‘बसा’, ‘चहा घ्या’ ही आज्ञार्थी वाक्ये आपल्याला आतिथ्याची वाटतात. इंग्रजीतही ‘हॅव अ सीट’, ‘हॅव सम टी’ यांत उद्धटपणा नाही. परंतु ‘घ्या’चे शब्दशः भाषांतर करून ‘टेक टी’ म्हणणे रुचत नाही; अपरिचित पाहुण्याला ‘यू वाँट टी?’ असे विचारणेही तुटक वाटते. सर्वत्र चालणारी रचना म्हणजे ‘वुड यू लाइक सम टी?’ होकार अपेक्षित असल्याने येथे ‘एनी’ऐवजी सहसा ‘सम’ येतो. वस्तूऐवजी कृती सुचवायची असल्यास ‘टू’ घ्यावा : ‘वुड यू लाइक टू सी अनदर कलर?’ पैठणी दाखवताना हे वाक्य नित्य उपयोगी पडेल.

स्वतः काही करण्याची तयारी दाखवताना मराठीत ‘-ऊ का’ ही रचना येते : ‘पिशवी धरू का?’ तिचे इंग्रजी रूप ‘शॅल आय होल्ड द बॅग?’ किंवा ‘कॅन आय होल्ड द बॅग फॉर यू?’ असे होईल. अमेरिकी पाहुण्यांच्या बोलण्यात ‘शॅल आय’ कमी ऐकू येते. येथे एक सावधगिरी हवी. ‘मी आत येऊ का?’ यातही ‘-ऊ का’ आहे. पण ती परवानगी आहे, म्हणून तेथे ‘मे आय’ किंवा ‘कॅन आय’ येईल. मराठी रूप एकच असल्यामुळे ‘लाभ कोणाचा?’ हा प्रश्न स्वतःला विचारावा. लाभ ऐकणाऱ्याचा असेल, तर ते देऊ करणे होय. स्वतःचा असेल, तर परवानगी.

आपल्याकडे पाहुणा आधी ‘नको, नको’ म्हणतो आणि यजमान आग्रह करतो. इंग्रजी संभाषणात ‘नो, थँक यू’ हे उत्तर बहुधा खरे मानले जाते. म्हणून यजमान असताना फार आग्रह करू नये आणि पाहुणे असताना हवे असल्यास संकोचाने नकार देऊ नये. दुसऱ्यांदा विचारले जाईलच असे नाही.

६.२.५ उत्तर देणे

‘कुड यू वेट?’ याला ‘येस, आय कुड’ असे उत्तर देत नाहीत. ‘शुअर’ किंवा ‘ऑफ कोर्स’ म्हणतात. ‘वुड यू माइंड वेटिंग?’ हा प्रश्न अधिक फसवा आहे. त्याचा अर्थ ‘थांबण्यास तुमची हरकत आहे का?’ असा असल्याने तयारी असल्यास ‘नो, नॉट ॲट ऑल’ म्हणावे. आपले ‘हरकत नाही’ आठवले, की हे उत्तर चुकणार नाही. ‘माइंड’नंतर क्रियापदाचे ‘-इंग’ रूप येते, हेही लक्षात ठेवा.

नकार देताना कारण आणि शक्य तेथे पर्याय द्यावा. अजिंठा लेणी सोमवारी व वेरूळची मंगळवारी बंद असतात. सोमवारी अजिंठ्याची चौकशी करणाऱ्या पाहुण्याला असे सांगता येईल : ‘आय ॲम अफ्रेड अजंता इज क्लोज्ड ऑन मंडेज. वुड यू लाइक टू व्हिजिट एलोरा इन्स्टेड?’ पहिल्या वाक्यात नकार आहे, दुसऱ्यात देऊ करणे.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. शुद्ध करा : ‘मे यू कॉल अ टॅक्सी?’
२. शुद्ध करा : ‘वुड यू माइंड टू वेट?’
३. ‘मी खिडकी उघडू का?’ पाहुण्याला उकडत असल्याचे पाहून तुम्ही हे म्हणता. इंग्रजीत सांगा.

६.३ सारांश

मराठीत आदर सर्वनामात आणि क्रियापदाच्या रूपात असतो. इंग्रजीत ‘यू’ एकच असल्याने तो प्रामुख्याने साहाय्यक क्रियापदातून आणि प्रश्नरूपातून येतो. ‘कुड’ आणि ‘वुड’ येथे काळ नव्हे, अंतर दाखवतात. विनंती, परवानगी आणि देऊ करणे यांतील भेद लाभ कोणाचा यावरून ओळखता येतो. भाषांतर करताना शब्दांबरोबर आदरही पलीकडे न्यावा लागतो. तो आपोआप जात नाही.

६.४ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. कुड यू कॉल अ टॅक्सी, प्लीज? २. वुड यू माइंड वेटिंग? ३. शॅल आय ओपन द विंडो? किंवा, कॅन आय ओपन द विंडो फॉर यू?

६.५ स्वाध्याय व उपक्रम

१. ‘मराठीतील आदरार्थी रूपे आणि इंग्रजीतील साहाय्यक क्रियापदे’ यांची सोदाहरण तुलना करा.
२. ‘उद्यापर्यंत अहवाल पाठवा’ हे वाक्य सहकाऱ्याला, वरिष्ठाला व ग्राहकाला उद्देशून इंग्रजीत तीन प्रकारे लिहा आणि निवडीची कारणे द्या.
३. गुलमंडी किंवा तुमच्या गावच्या बाजारात आठवडाभर कानावर पडणाऱ्या दहा विनंत्या नोंदवा. प्रत्येकीत आदर कोणत्या रूपात आहे ते सांगून तिचे इंग्रजी भाषांतर करा.