फोटो माझा, घर त्याचं

चूक माझी होती आणि तिची किंमत एका एकवीस वर्षांच्या मुलाने मोजली, म्हणून हे लिहिते आहे. विवाहसमानतेसाठी रस्त्यावर उतरणाऱ्या मुलामुलींसोबत आपणही चार पावलं चालावं असं ज्या भजनी मंडळाला, विहारातल्या उपासिकांना, चर्चमधल्या बायकांना वाटत असेल, त्यांनी जरूर जावं. फक्त आम्ही गेलो तसं जाऊ नये.

मी वर्ध्याची. आयुष्य शाळेत शिकवण्यात गेलं. आमचं प्रार्थनामंडळ लहान आहे. दर गुरुवारी संध्याकाळी कुणाच्या तरी ओसरीवर बसायचं, सेवाग्रामच्या पद्धतीची सर्वधर्म प्रार्थना म्हणायची, मग एखादं भजन. आमच्यात गुरुदेव सेवा मंडळात खंजिरी वाजवणारे एक भाऊ आहेत, एक बौद्ध उपासिका आहे, रविवारी चर्चला जाणाऱ्या एक निवृत्त सिस्टर आहेत.

या विषयात मला माझ्या भाचीने आणलं. ती पुण्यात नोकरी करते आणि नऊ वर्षं एका मुलीसोबत संसार करते. त्या मुलीचं अचानक ऑपरेशन करावं लागलं. संमतीच्या कागदावर सही करायला भाची पुढे झाली, तर काउंटरवरून विचारणा झाली, "तुम्ही पेशंटच्या कोण?" आईवडील गावाहून पोहोचेपर्यंत ती बाहेर बाकावर बसून होती. मला म्हणाली, "मावशी, नऊ वर्षं एका चुलीवर जेवतो, आणि कागदावर मी तिची रूममेट." लग्नाचा हक्क कशाला हवा, हा प्रश्न त्या दिवसानंतर मी कुणाला विचारला नाही.

१७ ऑक्टोबर २०२३ ला विवाहसमानतेवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. २०१८ साली कलम ३७७ मधला जाच न्यायालयानेच संपवला होता, त्यामुळे आशा मोठी होती. पण घटनापीठाने लग्नाचा मूलभूत हक्क मान्य केला नाही. ते काम संसदेचं, असं सांगितलं. दत्तक आणि नागरी सहजीवनाच्या मान्यतेवर तीन विरुद्ध दोन अशी विभागणी झाली. भाचीचा फोन आला, ती बराच वेळ काही बोललीच नाही. पुढच्या गुरुवारी प्रार्थनेनंतर मी सगळ्यांना हे सांगितलं.

दोन गुरुवार चर्चा चालली. एक ज्येष्ठ काका म्हणाले, आपल्या प्रार्थनेत हे बसत नाही. मी त्यांना १९२८ ची आठवण दिली. जमनालालजी बजाजांनी आपल्या वर्ध्यातलं लक्ष्मीनारायणाचं मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं केलं, तेव्हाही बसत नाही म्हणणारे घरातलेच लोक होते. आणि १९४८ च्या मार्चमधलं सेवाग्रामचं ते लग्न. नास्तिक विचारवंत गोरा यांची मुलगी आणि दलित समाजातला तरुण. बापू नुकतेच गेले होते, पण त्यांनी हयातीत आधीच मान्य केलं होतं की या विधीत ईश्वराच्या जागी सत्याचं नाव घेतलं जाईल. माणसासाठी आश्रमाने आपले शब्द बदलले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. सिस्टरांनी सांगितलं की नागपुरातच नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेसचं मुख्यालय आहे, आणि त्यांच्या 'ईशा' या कार्यक्रमातून पाळकांशी लैंगिक विविधतेवर बोलणं चालतं. सगळे चर्च त्याला मान्यता देत नाहीत, पण बोलणं चालू आहे. शेवटी आम्ही अकरा जण तयार झालो. काका आले नाहीत. ते आजही गुरुवारी प्रार्थनेला येतात आणि आम्ही त्यांना येऊ देतो, कारण मतभेद झाला म्हणून आसन काढून घेणं आम्हाला जमणार नाही.

निकालानंतर काही महिन्यांनी नागपुरात एक छोटा मोर्चा होता. वर्धा स्टेशनवर आम्हाला तो मुलगा भेटला. हिंगणघाट तालुक्यातल्या खेड्यातला, वर्ध्यात होस्टेलला राहून शिकणारा. म्हणाला, "काकू, तुमच्यासंगं येऊ काय? घरी भजनवाल्यांसंगं गेलतो म्हणून सांगता येते." गाडीत त्याने आमच्याबरोबर भजन म्हटलं. त्याचा आवाज चांगला होता.

त्याचं ते वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं असतं तर पुढचं टळलं असतं. आमच्या आडोशाला तो आला होता. भजनी मंडळावर कुणी संशय घेत नाही, हाच त्याचा आडोसा.

मोर्चात मी एक फलक धरला होता, "बापू असते तर इथे असते." एक मुलगी जवळ येऊन हळूच म्हणाली, "काकू, तुम्ही आल्या ना, बास झालं. त्यांचं नाव नका घेऊ." ती बरोबर होती. ब्रह्मचर्य आणि देहाबद्दल बापूंनी जे लिहिलं आहे ते मी वाचलं आहे, त्यांच्या वतीने मला सही करता येत नाही. मी फलक घडी करून पिशवीत ठेवला. आपल्या संतांना, महापुरुषांना परस्पर मोर्चात उभं करू नये. आपण आलो आहोत एवढं सांगावं.

परतीच्या आधी मी सगळ्यांना एका रांगेत उभं केलं आणि फोटो काढला. "आज आपली प्रार्थना रस्त्यावर" असं लिहून तो आमच्या ग्रुपवर टाकला. कुणाला विचारलं नाही. विचारायचं असतं हे सुचलंच नाही.

भजनी मंडळाचा फोटो कुठवर जातो, हे प्रत्येक मंडळाने समजून घ्यायला हवं. शहरातल्या कार्यकर्त्यांचा फोटो कार्यकर्त्यांतच फिरतो. आमच्या ग्रुपवरची मंडळी मात्र आर्वीपासून समुद्रपूरपर्यंत पसरलेली, प्रत्येकाचे गावाकडचे चार ग्रुप, सप्ताहाचा एक, भावकीचा एक. ज्या पोहोचेमुळे आमच्या पाठिंब्याला वजन होतं, त्याच पोहोचेने तो फोटो रात्री नऊच्या आत त्याच्या मोठ्या भावाच्या हातात दिला. पहाटे मुलाचा फोन आला. "काकू, फोटो तुम्ही टाकला काय? भाऊ गाडी घेऊन निघाला." त्यानंतर त्याचा फोन चार महिने बंद होता.

त्या चार महिन्यांत कॉलेज सुटलं. एका डॉक्टरकडे 'उपचारा'ला नेलं गेलं. मुली पाहणं सुरू झालं. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मात्र मी आणि आमचे खंजिरीवाले भाऊ त्याच्या घरी जाऊन समजूत घालायला निघालो होतो. ओळखीच्या एका वकीलबाईंनी आम्हाला अडवलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही दारात गेल्या की त्याच्यावरचा पहारा वाढेल. त्याला काय हवं आहे ते त्याच्याकडून कळू द्या." दरम्यान काय तयार ठेवायचं ते त्यांनी सांगितलं, आणि ते मला सगळ्यांनाच सांगावंसं वाटतं. अठरा वर्षांवरच्या व्यक्तीला मनाविरुद्ध घरात कोंडून ठेवता येत नाही. जिवाला धोका असेल तर ११२. मोफत वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, त्यांचा क्रमांक १५१००. मन बुडत असेल तर टेलिमानसचा १४४१६ दिवसरात्र चालतो. अशा माणसाला 'बरं' करण्याचे उपचार राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत. आणि ११ मार्च २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांना बजावलं आहे की घरच्यांनी अडवून ठेवल्याचं प्रकरण आलं तर त्या व्यक्तीशी एकांतात बोलावं, समुपदेशनाच्या नावाखाली तिला बदलायला लावू नये. एक कागद करून हे सगळं त्याच्या मैत्रिणीपाशी दिलं. घरून निघायचं कधी आणि कसं, ते त्याने स्वतः ठरवलं. आम्ही फक्त त्या दिवशी फोन उचलायला जागे होतो.

आता आम्ही जातो तेव्हा रांगेचा फोटो काढत नाही. काढायचाच झाला तर फलकांचा किंवा पाठमोरा, आणि तोही ज्यांचा आहे त्यांना आधी दाखवून. स्टेशनवर भेटलेल्या मुलाला नाव विचारत नाही. तो सांगेल ते नाव. पत्रकार आले तर आमच्यातली एकच जण बोलते आणि फक्त स्वतःबद्दल बोलते. वर्ध्यात काही करायचं असेल तर आधी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देतो आणि पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा मनाई आदेश लागू आहे का ते पाहतो. आपल्या जिल्ह्यात सणासुदीला, निवडणुकीला तो लागतोच, आणि गुन्हा नोंदला तर निवृत्त शिक्षिकेला त्याचं काही नाही, नोकरी शोधणाऱ्या पोराला आहे.

आणखी एक चूक माझ्या हातून झाली होती, ती इथेच सांगते. मोर्चात दोन मुलींना मी म्हटलं होतं, "तुमचं लग्न आपण मंदिरात लावून देऊ." त्यांचे चेहरे असे उजळले की आजही आठवलं की मला अवघडल्यासारखं होतं. मंदिरात माळा घातल्याने कायद्याच्या लेखी ते लग्न ठरणार नव्हतं. फेरविचाराच्या याचिकाही ९ जानेवारी २०२५ ला फेटाळल्या गेल्या. प्रेमाने दिलेला शब्द असला तरी खोटी आशा ही खोटीच. त्यापेक्षा जे आज हातात आहे ते सांगावं. संयुक्त बँक खातं उघडता येतं, त्यात जोडीदाराला नॉमिनी म्हणून नेमता येतं, हे केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. शिधापत्रिकेसाठी एकाच घरातले मानावं, असंही राज्यांना कळवलं आहे. मृत्युपत्र आणि मुखत्यारपत्र वकिलाकडून करून घ्यावं. माझ्या भाचीने ते केलं. ट्रान्स स्त्री आणि पुरुष, किंवा ट्रान्स पुरुष आणि स्त्री, यांना मात्र आजच्याच कायद्यात लग्न करता येतं, हे २०२३ च्या निकालातच आहे. फक्त विशेष विवाह कायद्याने करायचं तर नोटीस तीस दिवस कार्यालयाच्या फलकावर लागते. आपल्याकडे तो फलक कोण कोण वाचतं, हे आधी त्यांच्याशी बोलून घ्यावं, म्हणजे नोटीस लागण्याआधीच राहायची सोय करता येते.

निघण्याआधी स्टेशनवर मी खादीची एक मोठी पिशवी उघडते. मंडळातले सगळे आपापले मोबाइल त्यात टाकतात आणि मोर्चा संपेपर्यंत ती पिशवी माझ्या खांद्याला असते. पहिल्यांदा काही जणांना ते जड गेलं. आता कुणी विचारत नाही.

तो मुलगा दुसऱ्या राज्यात एका दुकानात कामाला आहे, परीक्षेचा फॉर्म भरला आहे. मी माफी मागितली तेव्हा त्याने लगेच काही उत्तर दिलं नाही. बऱ्याच दिवसांनी लिहिलं, "काकू, तुम्ही फोन नका करू, मी करीन." त्याचा नंबर माझ्याकडे आहे. मी करत नाही.