घाटातली गाडी आणि डॅशबोर्डवरचे दिवे

गगनबावडा



इग्निशन ऑन केले की डॅशबोर्डवरचे बहुतेक दिवे एकदम लागतात आणि इंजिन सुरू झाल्यावर थोड्या वेळात विझतात. गाडी या वेळी स्वतःची तपासणी करत असते. जुनी गाडी घेताना हे मुद्दाम पाहावे. एअरबॅगचा दिवा लागतच नसेल, तर बिघाड लपवायला कुणीतरी तो काढून ठेवलेला असू शकतो. लाल दिवा लागला तर थांबावे, पिवळा लागला तर लवकर गॅरेज गाठावे. हिरवा-निळा फक्त काय चालू आहे ते सांगतो.

वैभववाडीकडून करूळ घाट चढताना गाडी बराच वेळ खालच्या गिअरमध्ये राहते आणि इंजिन तापते. थर्मामीटरचे लाल चिन्ह लागल्यास एसी बंद करावा, वळण सोडून रुंद जागा पाहावी आणि इंजिन बंद करावे. रेडिएटरचे झाकण मात्र तापल्या गाडीत कधीही उघडू नये. आतले कूलंट दाबामुळे शंभर अंशांच्या वरही उकळत नाही, पण झाकण सैल होताच अंगावर उसळते. तेलाच्या किटलीचा लाल दिवा तेलाचा दाब पडल्याचा असतो. तो लागल्यावर ‘वरपर्यंत नेऊ’ म्हणणाऱ्याचे इंजिन जाम होते. बॅटरीचा दिवा बहुधा अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा गेल्याचा. पावसाळी धुक्यात हेडलाइट आणि वायपर दोन्ही चालू असतात, त्यामुळे बॅटरी लवकर उतरते.

ब्रेकचा लाल दिवा दिसला की आधी हँडब्रेक पाहावा. तो खाली असूनही वळणावर दिवा लुकलुकतो आणि सरळ रस्त्यावर विझतो, तेव्हा डबीतले ब्रेक ऑइल कमी झालेले असते: एक तर पॅड झिजलेत, नाही तर कुठे गळती आहे. पण उतारावर सतत दाबून तापलेल्या ब्रेकसाठी साध्या गाड्यांत दिवाच नसतो. पेडल नरम लागणे आणि जळका वास, एवढाच इशारा मिळतो. म्हणून ज्या गिअरने घाट चढतो त्याच गिअरने उतरावा, न्यूट्रलमध्ये तर मुळीच नाही.

पिवळ्यांत चेक इंजिनचा दिवा स्थिर असेल तर गाडी जपून गॅरेजपर्यंत नेता येते. तो लुकलुकत असेल तर इंजिन मिसिंग करत असते आणि न जळालेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळते. तेव्हा ताबडतोब वेग उतरवून थांबावे. एबीएसचा दिवा पावसाळ्यात चाकाच्या सेन्सरवर चिखल बसूनही लागतो. साधे ब्रेक चालतात, पण ओल्या रस्त्यावर चाके जाम होऊ शकतात, म्हणून वेग कमी ठेवावा.

कुलूप किंवा चावीचे चिन्ह चोरीविरोधी यंत्रणेचे असते. गाडी लॉक करून ठेवल्यावर ते लुकलुकणे ठीकच. इग्निशन ऑन करूनही थांबले नाही, तर गाडीने चावीतली चिप ओळखलेली नाही. आधी दुसरी चावी लावून पाहावी. पुश-बटणाच्या गाडीत रिमोटचा सेल संपला असेल, तर अनेक मॉडेलांत रिमोट बटणाला टेकवून गाडी सुरू होते, कारण चिपला सेल लागत नाही. पावसात रात्री अलार्म उगीच वाजत असेल, तर दार किंवा बॉनेटच्या स्विचमध्ये ओल गेलेली असू शकते. रस्त्यावरच्या दुकानात नुसती कापून घेतलेली चावी दार उघडते, पण तिची चिप गाडीशी जुळवल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही.

— मामा